गळाला काय लावायचं?

गेल्या सत्तर वर्षांत आपल्या तलावांवरचं आमिष पार बदललं. दुकानात नवा माल आला म्हणून ते बदललं, असं काठावर सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. आधी मासा बदलला, मग पाणी बदललं आणि आमिष त्यांच्या मागून गेलं.

पूर्वी गावतळ्यावर गांडूळ हाताशी असलं की काम भागायचं. वाम, शिंगटा सगळे त्याला लागायचे. मरळीसाठी जिवंत बेडकी. म्हसीरसाठी धातूचा चमचा, तो इंग्रज अमदानीतल्या शौकिनांमुळे रुळलेला. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्युएलने १८५२ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. ओढला की तो डुलतो, लकाकतो आणि शिकारी माशाला जखमी मासोळीचा भास होतो.

मग १९५७ साल आलं. हिरालाल चौधुरींनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तोवर या माशांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. पुढे ते तयार मिळू लागलं आणि आपल्या धरणांत, तलावांत रोहू, कटला, मृगळ सोडले जाऊ लागले. हे मासे चमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पवईसारख्या तलावांवर कणीक, पाव, पेंड, मुंग्यांची अंडी यांचं राज्य आलं ते यामुळे.

इथे खरी कसोटी लागते ती माशाचं तोंड ओळखण्याची. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो, म्हणून त्याचं आमिष फ्लोटखाली अधांतरी टांगायचं, आणि तेही भुसभुशीत, पाण्यात ढगासारखं पसरणारं. मृगळ तळाशी चरतो, त्याला गोळा तळावरच हवा. रोहू मधला. त्याच्या झालरीदार ओठांना घट्ट गोळा चालत नाही. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक बेताच्या पाण्यात मळायची, गोळा काठाशी उथळ पाण्यात ठेवून बघायचा. कडा हळूहळू सुटत जाव्यात आणि गाभा गळावर टिकावा. पाच मिनिटांत विरघळला तर कणीक वाढवायची, दगडासारखा राहिला तर पेंड. वासाच्या बाटल्यांवर पैसे उधळण्यापेक्षा ही मळणी शिकून घेतलेली बरी. रोहू गोळ्याजवळ येतो तो वासाने, पण गोळा तोंडात टिकतो तो मऊपणामुळे.

चिलापी भारतात १९५२ साली आली आणि उजनीसारख्या जलाशयात तिने बस्तान बसवलं. तिला लहान गळ आणि गांडुळाचा तुकडा पुरतो.

पाणी बदललं ते जलपर्णीमुळे. शहरांचं सांडपाणी तलावांत उतरलं आणि काठ हिरवे झाले. उघडा गळ टाकला की वेल अडकतो, चमचा तर टाकायचीच सोय नाही. म्हणून मऊ, पोकळ रबरी बेडूक घराघरांत पोचला. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वरच्या बाजूला असतात. पानांवरून तो सहज घसरतो आणि मरळीने जबडा मिटला की अंग दबून टोकं उघडी पडतात. मिशिगनमधल्या जेम्स हेडनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचा बेडूक कोरला होता. आजचा रबरी बेडूक त्याच कल्पनेचा वारसदार. पानं हलली की लगेच झटका देऊ नका, दोरीला ओढ जाणवेपर्यंत थांबा.

हा बेडूक मला मनापासून आवडतो. जिवंत बेडकी गळाला टोचण्याची पद्धत त्याने बरीच मागे सारली, हे मोठं काम झालं.

पण त्याचा एक वापर थांबला पाहिजे. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लाल-नारिंगी पुंजक्याने वर येतात आणि आईबाप खालून राखण करतात. त्या पुंजक्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास धावते. ती भुकेने नाही, पिल्लांना वाचवायला येते. ती उचलली की राखण गेली आणि दुसरे मासे ती पिल्लं खातात. तेव्हा असा पुंजका दिसला तर रीळ गुंडाळा आणि दुसरीकडे चला. सोबत नवशिके असतील तर त्यांनाही तो दाखवा आणि तिथे बेडूक का टाकायचा नाही, ते सांगा.