कणगीतली धूळ

पावसाळा सरला की आमच्या इंद्रवेल्लीकडे नव्या ज्वारीसाठी कणगी झाडायला काढतात. शेणानं लिंपलेल्या त्या कणगीत वाकून केरसुणी फिरवली की तळाचा भुसा उडतो आणि त्याच्यासोबत उंदरांच्या वाळलेल्या लेंड्यांचा चुराही. दारातून उन्हाची तिरीप आली की ती धूळ कितीतरी वेळ तरंगताना दिसते. झाडणारी नाकाला पदर लावते, दोनदा शिंकते आणि पुढच्या कामाला लागते.

ली हो-वांग या कोरियन संशोधकाचं काम वाचल्यापासून मला ही धूळ नुसती धूळ वाटत नाही.

1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून जास्त सैनिकांना एका अनोळखी तापानं गाठलं. आधी डोकं आणि कंबर दुखायची, चेहरा लालबुंद व्हायचा. मग रक्तदाब कोसळायचा आणि लघवी जवळजवळ बंद पडायची. त्यातून जो वाचला त्याला पुढे काही दिवस लिटरच्या लिटर लघवी व्हायची. हा ताप कशानं येतो, हे युद्ध संपल्यावरही वीस वर्षं कळलं नाही.

ली यांनी हंतान नदीच्या परिसरातले शेतातले उंदीर पकडले. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या रोगजंतूविरुद्धची प्रतिपिंडं असणारच. म्हणून त्यांनी अशा रुग्णांचा रक्तद्रव उंदरांच्या अवयवांच्या पातळ कापांवर टाकला. प्रतिपिंडं जिथे चिकटतील तिथे रंगद्रव्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली चमक दिसते. 1976 मध्ये ती दिसली, आणि दिसली ती फुप्फुसात! माणसाची मूत्रपिंडं बंद पाडणारा विषाणू उंदराच्या फुप्फुसात सुखानं नांदत होता, आणि उंदीर ठणठणीत होता. नदीच्या नावावरून विषाणूला ‘हंतान’ हे नाव मिळालं. पुढे त्याची अनेक भावंडं सापडली. त्या साऱ्या कुळाला आज हंताव्हायरस म्हणतात.

उंदराच्या लघवीतून, लेंड्यांतून, लाळेतून तो बाहेर पडतो, वाळतो आणि धुळीबरोबर आपल्या श्वासात येतो. शरीरात गेल्यावर तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात ठाण मांडतो. त्या पेशी तो स्वतः फारशा मारत नाही. त्याच्याशी लढताना आपलीच प्रतिकारशक्ती भडकते आणि बारीक वाहिन्या पाझरू लागतात. मूत्रपिंडात तर अशा केशवाहिन्यांचे लाखो गुंते आहेत, रक्त गाळण्यासाठीच. गाळणीच सैल झाली की रक्तातली प्रथिनं लघवीत उतरतात. मात्र डायलिसिसच्या आधारानं ते कठीण दिवस निघाले, तर बहुतेकांची मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागतात. म्हणून रुग्ण वेळेत ओळखला जाणं फार मोलाचं.

हे सगळं दूरच्या देशातलं म्हणून सोडून देता येत नाही. 1964 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला संशोधकांनी एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला होता आणि त्याला थोट्टापालयम हे नाव दिलं होतं. (चिचुंद्रीला आपण उंदरांत मोजतो, ती खरं तर किडे खाणाऱ्या वेगळ्याच गटातली.) तेव्हा तो डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंपैकी असावा असं वाटलं. तोही हंताच्याच कुळातला, हे पुष्कळ नंतर उमगलं. म्हणजे ली यांच्या बारा वर्षं आधी या कुळातला एक विषाणू भारतात हाती आला होता! पुढे वेल्लोरच्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी धान्यकोठारातले कामगार, उंदीर पकडणारे इरुला आदिवासी आणि मूत्रपिंडाचे जुने रुग्ण यांचं रक्त तपासलं. हंताची प्रतिपिंडं तिथेही सापडली.

इंद्रवेल्ली-उटनूरच्या पट्ट्यात ताप म्हटला की पहिलं नाव मलेरियाचं, मग डेंग्यूचं. ते बरोबरच आहे. फाल्सिपॅरम मलेरियाही मूत्रपिंडावर घाला घालतो. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं तर हंतासारखीच, पण तो जिवाणूंचा आजार, त्यावर पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन चालतं. हंतावर कुठलंही प्रतिजैविक चालत नाही.

कणगी झाडायची रीत मात्र आजच बदलता येते. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास घराबाहेर थांबायचं. मग लेंड्यांवर ब्लीचिंगचं पाणी शिंपडून त्या भिजू द्यायच्या, ओल्या फडक्यानं उचलायच्या आणि कणगी कडक उन्हात ठेवायची. आणि घरात कुणी तापानं फणफणलं तर ‘जेवलास का’ या प्रश्नाच्या जोडीला ‘लघवीला कधी गेला होतास’ हेही विचारायचं, आणि उत्तर डॉक्टरांना सांगायचं.