सलामीच्या क्षणी कार्ड अडू नये
कॅमेरा हातात आल्यावर : लेखांक ६

गुरुपौर्णिमा झाली की जोगेश्वरीत रात्रीच्या वेळी दहीहंडीच्या सरावाचे थर लागायला सुरुवात होते. इथल्याच जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर रचले आणि ४३.७९ फुटांचा मनोरा गिनीज बुकात नोंदवला. अशा पथकांबरोबर हल्ली कॅमेरा घेतलेली मुलंही हंडीमागून हंडी फिरतात. लेन्सवर, बॅटरीवर ती भरपूर विचार करतात, पण कार्ड मात्र दुकानदार देईल ते घेतात. माझ्या मते हंडीच्या दिवशी सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. म्हणून हा लेखांक मेमरी कार्डाचा.

थर चढायला वेळ लागतो, पण एक्का, म्हणजे सर्वांत वरचा गोविंदा, वर पोचून हात उंचावतो ती सलामी चार-सहा सेकंदांची. त्यानंतर मनोरा उतरायला लागतो किंवा कोसळतो. या वेळात बटण दाबून धरायचं आणि कॅमेऱ्याने सटासट फोटो घ्यायचे, एवढंच आपल्या हातात असतं. नेमका हात वर जाताना कॅमेरा थबकला, तर आपण कॅमेऱ्याला बोल लावतो. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते कार्ड.

हिशेब करून बघू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला एक रॉ फोटो साधारण २५ एमबीचा धरा. सेकंदाला १० फोटो म्हणजे सेकंदाला २५० एमबी तयार होतात. कार्ड सेकंदाला ८० एमबी लिहून घेत असेल, तर उरलेले १७० एमबी कॅमेऱ्याच्या आतल्या तात्पुरत्या मेमरीत, म्हणजे बफरमध्ये, साठत राहतात. नळ मोठा सोडला आणि मोरीचं भोक बारीक असलं की मोरी तुंबते, तसंच हे. बफर १००० एमबीचा असेल तर तो सहा सेकंदांच्या आत भरतो. मग कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीन फोटोंवर येतो, आणि बटण सोडलं तरी बफर पुरता रिकामा व्हायला बारा-तेरा सेकंद लागतात. तोवर मनोरा उतरलेला असतो. सातव्या थरापासूनच बटण दाबून ठेवणाऱ्यांचा बफर एक्का चढण्याआधीच भरतो. वेगवान कार्ड नसेल तर सलामीपर्यंत बोट आवरणं हा बिनपैशाचा उपाय आहे. जेपीईजीवर काढले तर फाइल बरीच लहान होते आणि तेवढी उसंत वाढते.

आता कार्ड हातात घेऊन वाचू. सर्वांत ठळक आकडा, २०० वगैरे, हा बहुधा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे घरी संगणकावर फोटो उतरवतानाचा. लिहिण्याचा वेग त्याहून कमी असतो. तो पाकिटामागे बारीक अक्षरांत मिळाला तर मिळतो. आपल्या कामाची खूण म्हणजे व्ही हे अक्षर आणि त्यापुढचा ३०, ६० किंवा ९०. सलग लिहिताना वेग सेकंदाला तितक्या एमबीच्या खाली जाणार नाही, ही त्यामागची हमी. इंग्रजी यू अक्षराच्या आतला ३ हीही ३० एमबीचीच हमी आहे. ए१, ए२ या खुणा फोनमधल्या अ‍ॅपसाठी असतात, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. मागे सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असेल तर ते जास्तीत जास्त १०४ एमबी वेगाच्या यूएचएस-१ मार्गाचं कार्ड. दोन ओळी म्हणजे यूएचएस-२, ३१२ एमबीपर्यंत. पण कॅमेऱ्याच्या खाचेत दुसऱ्या ओळीची सोय नसेल तर महाग कार्डही पहिल्याच वेगाने चालतं. आधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक बघा, मग खिशात हात घाला.

सगळ्यांनाच वेग लागतो असं नाही. जोगेश्वरी पूर्वेच्या सहाव्या शतकातल्या गुंफेत उजेड कमी, मूर्ती झिजलेल्या. तिथे माणूस मिनिट-मिनिट थांबून एकेक फोटो घेतो. त्या कामाला साधं कार्ड उत्तम चालतं. व्हिडिओलाही लोक समजतात तेवढा वेग लागत नाही. १०० मेगाबिटचा फोरके व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, कारण आठ बिटांचा एक बाइट. व्ही३० त्याला पुरून उरतं, आणि ६४ जीबीच्या कार्डात असा व्हिडिओ साधारण ८५ मिनिटांचा मावतो.

क्षमता किती घ्यावी? एक मोठं कार्ड गेलं तर सगळंच जातं, म्हणून लहान-लहान बरीच घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो. हंडीच्या दिवशी मला तो पुरता पटत नाही. वरून पाऊस, बाजूने पाण्याचे फवारे, चहूकडून रेटारेटी. अशा वेळी कॅमेऱ्याचं झाकण उघडणं हाच मोठा धोका. ओल्या बोटांनी काढलेलं नखाएवढं कार्ड चिखलात पडलं तर शोधणार कुठे? म्हणून एका ठिकाणाला पुरून उरेल असं ६४ जीबीचं कार्ड घाला, त्यात रॉ फोटोच अडीच हजार मावतात. बदलायचं ते पुढच्या हंडीकडे जाताना गाडीत बसून, हात कोरडे करून. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्हींत एकच फोटो लिहायला लावा. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवलं की रात्री दमलेल्या हातांनी तेच पुन्हा घातलं जात नाही.

कार्ड काढण्याआधी लाल दिवा विझू द्या, कॅमेरा बंद करा. दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढलं तर तो एक फोटो जातोच, शिवाय कुठला फोटो कुठे आहे याची यादीही बिघडू शकते. मग आधीचे फोटोही दिसेनासे होतात. बॅटरी अगदी संपेपर्यंत ताणली तरी हाच धोका. गर्दीत उभं राहून नकोसे फोटो एकेक पुसत बसू नका, धक्का लागून हवा तो पुसला जातो. कार्ड भिजलं तर पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा. बहुतेक वेळा ते वाचतं, पण ओलं असताना खाचेत घालू नका.

बनावट कार्डांचा प्रकार मात्र चीड आणणारा आहे. आत १६ जीबीची चिप असते आणि कार्ड संगणकाला १२८ जीबी सांगतं. पहिले फोटो नीट उमटतात. खरी जागा संपली की फाइलींची नावं दिसतात, आकडा वाढतो, पण फोटो उघडत नाही. त्यामुळे पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, आणि नवं कार्ड एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रॅमने तपासा. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. मग सरावाच्या रात्री, मैदानातल्या दिव्यांखाली, तेच कार्ड घालून पूर्ण मनोरा चढताना-उतरताना टिपा. वेगाचा खरा अंदाज तिथेच येतो, आणि चुकलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव असतोच.

हंडीनंतर फोटो कार्डातच महिनोन्‌महिने ठेवणारे बरेच आहेत. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्त वेगाने. त्याच रात्री फोटो संगणकावर उतरवा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, दोन्ही उघडून बघा आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

एवढं करूनही फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. पुसताना किंवा साधं फॉरमॅट करताना बहुधा फक्त यादी जाते, फोटो जागेवरच असतात. नवा फोटो त्या जागेवर बसला की मात्र जुना कायमचा गेला. कार्ड लगेच बाहेर काढा, कडेची चिमुकली कळ लॉकवर सरकवा. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर चालवून फोटो परत मिळवा आणि ते दुसऱ्याच डिस्कवर साठवा, त्या कार्डावर नव्हे.

(पुढच्या आठवड्यात : पावसात कॅमेरा कसा सांभाळावा)