किचनचं काम काढलंय? टाइल्स लागण्याआधी सॉकेटचं गणित करून घ्या

किचनचं काम निघालं की घरातली सगळी चर्चा टाइल्सचा रंग, ग्रॅनाइट आणि ट्रॉल्यांवर होते. मग एक दिवस वायरमन येतो आणि विचारतो, "बोर्ड कुठे द्यायचे?" कोणीतरी भिंतीकडे बोट दाखवतं, "एक इथे, एक तिथे." दोन मिनिटांत घेतलेला हा निर्णय पुढची पंधरा-वीस वर्षं भिंतीत राहतो. चुकला, तर ओट्यावर एक्स्टेंशन बोर्ड येतो आणि तोही नेमका पाण्याशेजारी.

जळगावात मेहरूणला आमच्या घरी सध्या हेच काम सुरू आहे. मी पुण्यात, आई-पप्पा तिकडे, त्यामुळे बरंचसं प्लॅनिंग व्हिडिओ कॉलवर चाललंय. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. "सॉकेट कुठे?" हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, काय काय चालणार? दुसरा, त्यातलं एकाच वेळी काय चालणार? याच क्रमाने जाऊ.

१. आधी यादी, तीही मोबाइलवर

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा खाली एक स्टिकर असतो. त्याचा फोटो काढा आणि झूम करून वॅटचा आकडा बघा. त्याला आपल्या २३० व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. आमची यादी अशी निघाली:

- इंडक्शन: २००० वॅट, म्हणजे ८.७ अँपिअर
- केटल: १५०० वॅट, म्हणजे ६.५ अँपिअर
- मायक्रोवेव्ह: १२०० वॅट, म्हणजे ५.२ अँपिअर
- मिक्सर: ७५० वॅट, म्हणजे ३.३ अँपिअर
- फ्रीज, चिमणी, वॉटर प्युरिफायर: यांचे आकडे बरेच लहान

मायक्रोवेव्हचा आकडा बघताना जरा सांभाळून. खोक्यावरचे "८०० वॅट" म्हणजे पदार्थाला मिळणारी पॉवर. तो भिंतीतून किती ओढतो, ते मागच्या स्टिकरवर असतं आणि तो आकडा मोठा असतो.

आपल्याकडे सॉकेट दोन प्रकारचे, ६ अँपिअरचं लहान आणि १६ अँपिअरचं मोठं. दुकानदार अजूनही त्यांना ५ आणि १५ म्हणतात. लहान सॉकेटची मर्यादा साधारण १३८० वॅट, म्हणजे इंडक्शन आणि केटल तिथे नकोच. मोठ्या प्लगच्या पिना जाड ठेवल्यात त्या यासाठीच, चुकूनही लहान सॉकेटमध्ये जाऊ नयेत म्हणून. आपण तीस-चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर लावून ती सोयच मोडून काढतो. ओट्यावरचे सॉकेट शक्यतो १६ अँपिअरचेच घ्या.

२. एकाच वेळी काय चालतं?

सकाळची वेळ डोळ्यासमोर आणा. इंडक्शनवर भाजी, केटलमध्ये पाणी, मायक्रोवेव्हमध्ये कालचं गरम होतंय, आणि मिक्सरवर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. बेरीज ५४५० वॅट, म्हणजे जवळपास २४ अँपिअर. हे सगळं १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर असेल, तर तो थोड्या वेळाने पडणारच.

खरा धोका इथून पुढे सुरू होतो. "सारखा ट्रिप होतो" म्हणून कोणीतरी १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवतो आणि वायर तीच ठेवतो. एमसीबीचं काम वायरला वाचवणं. एमसीबी मोठा आणि वायर बारीक असेल, तर आधी वायरच तापते, आणि भिंतीच्या आत तापते, कोणाला दिसतही नाही. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. त्यात जळगावचा उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो. भिंत आधीच गरम असली की तीच वायर सुरक्षितपणे कमी करंट नेऊ शकते.

म्हणून किचनला एक नाही, वेगवेगळी सर्किट मागा:

- ओट्यासाठी पॉवरची दोन सर्किट. इंडक्शन एकावर, केटल आणि मायक्रोवेव्ह दुसऱ्यावर
- फ्रीजला स्वतंत्र सर्किट
- लाइट, एक्झॉस्ट आणि चिमणीचं वेगळं सर्किट

लाइटला सहसा १.५ आणि पॉवर सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर वापरतात. ओव्हन किंवा गीझरसारखा मोठा लोड असेल किंवा अंतर लांब असेल, तर ४ चौरस मिलिमीटर. शेवटचा आकडा मात्र परवानाधारक वायरमनकडूनच ठरवून घ्या. सोबत महावितरणच्या बिलावरचा "मंजूर भार" बघा. घरात इंडक्शन, गीझर, एसी असं सगळं वाढलं असेल, तर तोही वाढवून घ्यावा लागतो.

इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या लाइनवर लाइट, पंखा, राउटर आणि फोन चार्जिंगचं एक लहान सॉकेट पुरे. इंडक्शन, केटल त्यावर अजिबात नको.

३. आता जागा ठरवा

अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये एक सोपा नियम आहे. ओट्यामागच्या भिंतीवर कुठेही उभं राहा, सॉकेट २४ इंचांपेक्षा लांब नसावं. कारण साधं आहे, किचनच्या उपकरणांच्या वायरी आखूड असतात. आपल्याकडे हा कायदा नाही, पण हिशोब उपयोगी आहे. भिंतीवर साधारण दर चार फुटांना एक सॉकेट धरा.

- उंची: ओट्याच्या वर ८ ते १२ इंच, म्हणजे सांडलेलं पाणी पोचत नाही
- सिंक आणि गॅसपासून दोन्ही बाजूंना जमेल तेवढं, निदान दोन फूट लांब. शेगडीच्या मागे तर नकोच
- फ्रीजचं सॉकेट बाजूला घ्या, मागे नको, नाहीतर बटण बंद करायला फ्रीज ओढावा लागतो
- चिमणीचं सॉकेट वर, चिमणीच्या आडोशाला. प्युरिफायरचंही नळाच्या खाली नको
- सिलेंडर ठेवता त्या कप्प्यात सॉकेट किंवा स्विच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खालीच साठतो, आणि बटण दाबताना उडालेली छोटी ठिणगीही पुरते

कागदावर काढलेलं मात्र पुरत नाही. प्रत्येक जागी भिंतीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला तिथे उभं करा. मिक्सर कुठे ठेवणार, जार उचलताना वायर आडवी येते का, हे तिलाच माहीत असतं. माझ्या प्लॅनमध्ये मिक्सर डाव्या कोपऱ्यात होता. आईने कॉलवरच तो उजवीकडे सरकवला, कारण वाटण झालं की ते थेट शेगडीवरच्या कढईत जातं.

४. शॉकसाठी एमसीबी पुरत नाही

हा गैरसमज खूप घरांत आहे. माणसाच्या शरीरातून ५० मिलीअँपिअर करंट गेला तरी जिवावर बेतू शकतं, आणि एमसीबी १६ अँपिअरपर्यंत हलतही नाही. हे काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो सतत मोजतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एका अंशात सप्लाय तोडतो. ओले हात, ओला ओटा आणि स्टीलची भांडी एकत्र असलेल्या खोलीत तो हवाच. डीबीमध्ये "३० एमए" लिहिलेला आरसीसीबी बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

जुन्या घरात अजून एक तपासणी करा. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही. काम सुरू व्हायच्या आधीच वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या.

५. प्लास्टरच्या आधी फोटो

भिंत कापून पाइप टाकले की मिस्त्री येण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. फ्रेममध्ये मेजरिंग टेप धरा, म्हणजे जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल. पाइप सॉकेटपासून सरळ वर किंवा खाली गेलेत ना, तेही बघा. तिरके गेले असतील, तर उद्या शेल्फसाठी ड्रिल मारणाऱ्याला ते कळणार नाहीत.

हे फोटो "किचन वायरिंग" नावाच्या अल्बममध्ये टाका आणि घरातल्या सगळ्यांशी शेअर करा. कोणता एमसीबी कशाचा, हे डीबीच्या झाकणावर मराठीत लिहून चिकटवा. आपण घरी नसताना रात्री लाइट गेली, तर आई-पप्पांना फोनची वाट बघावी लागणार नाही.