आगोटीची बेगमी व कोठीची मांडणी

लांज्यात मृगाचा पाऊस लागला की पुढे चार महिने हवा दमट राहते. घरची बेगमी नासते ती बहुधा जमिनीतून व भिंतीतून येणाऱ्या ओलीने. म्हणून कोठीची खोली लहान असली, तरी कणगी फळ्यांवर व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. भात उन्हात वाळवून व निववून मगच भरावे. धान्यात 12 टक्क्यांहून अधिक ओल राहिल्यास कीड व बुरशी बळावते. कुळीथ घट्ट झाकणाच्या डब्यात, आमसुले चिनीमातीच्या बरणीत ठेवावीत. मीठ ओल ओढते. ते धान्यापासून दूर असावे. जुने धान्य पुढे, नवे मागे मांडावे. शेतात वर्षभर केलेल्या कष्टांचे रक्षण अखेर याच खोलीत होते.