बुरूड राजाचा कोट

शाळेत मी इजिप्तचे पिरॅमिड शिकलो तेव्हा आमच्या घरापासून दोन मैलांवर सोपाऱ्याचा स्तूप उभा होता. पुस्तकात त्याचे नावही नव्हते. आजी मात्र त्या उंचवट्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणे. आजी सुपे विणी. कोयत्याने बांबूच्या कामट्या काढता काढता ती सांगे, ‘आपला राजा व्हता तिथं.’ हे मी वर्गात सांगितले तेव्हा गुरुजी हसले. बुरुडाचा कसला राजा!

आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि मुलांना दरवर्षी तिथे नेतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर, हे पिरॅमिडसारखेच का? म्हणून आधी पिरॅमिडविषयी.

पिरॅमिड फक्त राजांचेच असत हा समज खरा नाही. दुसऱ्या रामसेसचा वजीर खाय याचा विटांचा पिरॅमिड लक्सरजवळ सापडल्याचे बेल्जियन संशोधकांनी २०१३ साली जाहीर केले. मुळात तो सुमारे १५ मीटर उंच होता. पुढे सातव्या-आठव्या शतकात ख्रिस्ती संन्याशांनी तिथे आश्रम केला आणि पिरॅमिडच्या बऱ्याच विटा काढल्या गेल्या. वजिराचे नाव मात्र उरले, कारण थडग्याचा सगळा खटाटोप नाव टिकवण्यासाठीच होता. नाव उच्चारले जाते तोवर माणूस जिवंत, ही इजिप्शियनांची श्रद्धा.

मला जास्त जवळचे वाटते ते देर अल-मदिना. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. या कारागिरांनी आपल्याही थडग्यांवर छोटे विटांचे पिरॅमिड बांधले. त्यांच्यातल्या सेन्नेजेमचे थडगे १८८६ साली सापडले. आत तो आणि त्याची बायको शेतात नांगरताना, कापणी करताना रंगवलेली आहेत. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्याची मजुरी थकली तेव्हा याच वस्तीतल्या कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली. माहीत असलेल्या संपांतला हा सर्वांत जुना.

आता आपला कोट. १८८२ च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. आत दगडी करंडा निघाला. त्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याची फुले होती, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. तांब्याच्या करंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती होत्या : सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. नाणे दुसऱ्या शतकातले आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतल्या. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी हा करंडा उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केला होता. आणि सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे भगवानलालांचे मत. ते मत बाजूला ठेवले तरी एवढे उरतेच, की सोन्याच्या आत जपले होते ते खापर, कुण्या कुंभाराच्या हातचे.

खायच्या पिरॅमिडमध्ये नाव आधी. इथे बांधणाऱ्याचे नावच नाही. ‘दिव्यावदाना’त मात्र सोपाऱ्याच्या एका माणसाची कथा आहे. पूर्ण हा व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बाप आजारी पडला तेव्हा बायकोने आणि मुलांनी त्याला टाकले. शुश्रूषा केली ती दासीने. पुढे वाटणीच्या वेळी भावाने पूर्णाला दासीपुत्र म्हणून वाटाच नाकारला. त्याने समुद्रावर व्यापार केला, तो भिक्षू झाला आणि त्याच्यामुळे सोपाऱ्यात चंदनाचा विहार उभा राहिला. कथेला इतिहास म्हणता येणार नाही; पण सोपाऱ्याचे नाव दासीपुत्राशी जोडावेसे त्या काळी कुणाला वाटले, हा इतिहासच आहे.

सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला आणि जवळच्या भुईगावला नवव्याचा तुकडा १९५६ साली. नवव्या लेखात राजा म्हणतो, लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. दासांशी आणि चाकरांशी नीट वागणे हा खरा मंगल विधी. नागपूरचे धर्मांतरही १९५६ चेच. योगायोग आहे, मी त्यात अर्थ शोधत नाही. पण वर्गात सांगताना आवाज जरा चढतो खरा.

मग बुरूड राजा आला कुठून? माझा अंदाज असा : स्तूप ओळखणारे संपले, ढिगारा उरला आणि आजूबाजूच्यांनी त्याला आपल्याला सुचले ते नाव दिले. ज्यांनी दिले त्यांनी ते आदराने दिले की हिणवून, हे नावावरून कळत नाही. आजीने ते आदराने घेतले.

करंडक आणि मूर्ती मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. नालासोपारा पश्चिमेला स्तूपाच्या विटा अजून दिसतात. गेल्या वर्षी एका मुलीने तिथे हळूच विचारले, ‘सर, आम्हीपण बुरूडच. हे घरी सांगितलं तर चालेल?’ मी म्हटले, सांग. आणि आजी असेल तर तिला काय माहीत आहे ते आधी विचार.