न करण्याची कला : ताओ विचार आणि कार्ल रॉजर्स

आज दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या आहेत. एक, चीनमधला दोन हजारांहून अधिक वर्षं जुना ताओ विचार. दुसरी, विसाव्या शतकात अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी घडवलेली व्यक्तिकेंद्रित मानसोपचाराची पद्धत. पण सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. काउन्सेलिंगला आपण मराठीत 'समुपदेशन' म्हणतो. नीट ऐका, त्या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलेला आहे. आपली अपेक्षाही तशीच असते. घरात कुणी रडवेलं होऊन काही सांगायला लागलं, की आपण लगेच चार समजुतीच्या गोष्टी सुरू करतो. त्या चुकीच्या असतात असं नाही. पण समोरचं माणूस मान डोलावतं, गप्प होतं, आणि त्याला जे सांगायचं होतं ते राहूनच जातं. तर आजचा प्रश्न असा : मदतीतून उपदेश काढून टाकला, तर शिल्लक काय राहतं?

रॉजर्स यांना हा प्रश्न कामातून पडला. १९२८ ते १९४० अशी बारा वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. एका बाईंचा मुलगा फार त्रास देत होता. या आईनं मुलाला लहानपणी मनातून स्वीकारलंच नव्हतं, हे मूळ कारण रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होतं. भेटीमागून भेटी झाल्या. हळुवारपणे, पुरावे जोडत, त्यांनी बाईंना ते दाखवण्याचा प्रयत्न केला. उपयोग शून्य. शेवटी दोघांनी ठरवलं, की हे काही जमत नाही, थांबू या. हस्तांदोलन झालं, बाई दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि त्यांनी विचारलं, की इथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते का? हो म्हटल्यावर त्या परत खुर्चीत येऊन बसल्या आणि आपल्या मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल बोलायला लागल्या. आधीच्या भेटींत यातलं काहीच आलं नव्हतं. खरं काम तिथून सुरू झालं, आणि पुढे मुलाचंही सुधारलं.

बघा, रॉजर्स यांचं निदान चुकलं होतं असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही. पण ते निदान त्यांचं होतं, बाईंचं नव्हतं. कुठे दुखतंय आणि कुठल्या दिशेनं जायचं, हे ज्याचं दुखतंय त्यालाच ठाऊक असतं, हा धडा त्यांनी यातून घेतला.

आता ताओ विचाराकडे येऊ. 'ताओ ते चिंग' हा ८१ छोट्या प्रकरणांचा ग्रंथ. परंपरेनं तो लाओ त्झू यांच्या नावावर आहे. त्यातला कळीचा शब्द आहे 'वू वेई'. शब्दशः अर्थ 'न करणं'. त्यावरून पुष्कळांना वाटतं, की हा आळसाचा पुरस्कार आहे. तसं नाही. रोप लवकर वाढावं म्हणून कुणी ते वर ओढत नाही. पण पाणी घालावं लागतं, तण काढावं लागतं आणि वाट बघावी लागते. वाढणं हे रोपाचं स्वतःचं काम. वू वेई म्हणजे त्या कामात लुडबूड न करणं.

रॉजर्स यांचंही असंच एक उदाहरण आहे, बटाट्याचं. लहानपणी त्यांच्या घरी हिवाळ्यासाठी बटाटे तळघरात साठवत. वर एक छोटी खिडकी. त्या अंधारात बटाट्यांना फिकट, लांबच लांब कोंब फुटायचे आणि ते खिडकीतल्या उजेडाकडे झेपावायचे. त्यांचं झाड कधीच होणार नव्हतं, पण धडपड थांबत नव्हती. मनोरुग्णालयांच्या मागच्या वॉर्डांत खितपत पडलेली माणसं बघून रॉजर्स यांना ते कोंब आठवायचे. वागणं विचित्र दिसलं, तरी आतली ओढ जगण्याकडे, वाढण्याकडेच असते, हा त्यांच्या पद्धतीचा पाया.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग थेरपिस्ट करतो काय? नुसता बसून राहतो?)

छान प्रश्न. नुसतं बसून राहणं सोपं असतं, हे अवघड आहे. १९५७च्या एका लेखात रॉजर्स यांनी बदलासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यातल्या थेरपिस्टच्या वाट्याच्या तीन. पहिली सच्चेपणा, म्हणजे व्यावसायिक मुखवटा न चढवणं. दुसरी विनाअट स्वीकार. तिसरी समानुभूती, म्हणजे समोरच्याचं जग त्याच्या नजरेतून समजून घेणं आणि आपल्याला ते समजलं हे त्याच्यापर्यंत पोहोचवणं.

या तिसरीसाठी च्वांग त्झू यांच्या ग्रंथातली एक गोष्ट सांगतो. एक शिष्य एका जुलमी राजाला सुधारायला निघतो. गुरू म्हणतात, आधी उपास कर. शिष्य म्हणतो, मी गरीब आहे, कित्येक महिने दारू-मांसाला शिवलो नाही. गुरू म्हणतात, तो पूजेचा उपास झाला. मी मनाचा उपास सांगतोय. मन रिकामं करून ऐकणं. म्हणजे दुसऱ्याला सुधारायची योजना घेऊन जाणाऱ्याला ती योजनाच आधी खाली ठेवायला सांगितली आहे. रॉचेस्टरच्या त्या खोलीत शेवटी हेच घडलं. योजना संपली आणि बाई बोलल्या.

मग रॉजर्स हे चीनमधून शिकले का? १९२२ साली विद्यार्थी असताना ते पेकिंगला गेले होते, म्हणून असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण ते गेले होते जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेला. त्या प्रवासात ते आईवडिलांच्या कडक धर्ममतांपासून मोकळे झाले, ही त्याची खरी कमाई. पद्धत उभी राहिली ती अमेरिकेतल्या अनुभवातून. लाओ त्झूंच्या एका उताऱ्यात आपल्या अनेक खोल धारणांचं सार आहे, असं त्यांनी पुढे नमूद केलं. आपल्याच घराचं वर्णन परक्या गावात ऐकू यावं, तसं ते आहे.

साम्य आहे म्हणून दोन्ही एकच, असं मात्र समजू नका. 'ताओ ते चिंग' बऱ्याच ठिकाणी राज्य कसं करावं हे सांगतो; रॉजर्स दोन माणसांच्या खोलीबद्दल बोलतात. रॉजर्स यांना माणसानं 'स्व' ओळखावा असं वाटतं, तर च्वांग त्झू त्या 'स्व'चा विसर पडण्याबद्दल बोलतात. आणि एक आक्षेप. १९५७मध्येच मार्टिन बूबर आणि रॉजर्स यांचा मिशिगन विद्यापीठात जाहीर संवाद झाला. बूबर यांनी १९१०मध्ये च्वांग त्झूंच्या निवडक कथा जर्मनमध्ये आणल्या होत्या. रॉजर्स म्हणत होते, की खऱ्या भेटीच्या क्षणी आम्ही दोघं समान असतो. बूबर यांना ते मान्य नव्हतं. तो तुमच्याकडे मदत मागायला येतो, तुम्ही त्याच्याकडे जात नाही; ही असमानता कशी पुसणार? मला हा आक्षेप रास्त वाटतो. हात आवरायचा तो जास्त ताकद असलेल्यानं, हे त्यामुळे उलट अधिकच पटतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात असेल, घरात मारहाण होत असेल, तर तिथे वाट बघायची नाही. तातडीनं मदत मिळवायची. रोप ओढायचं नाही हे खरं, पण गुरं शिरली तर हाकलावीच लागतात.

बाकी बहुतेक वेळा आपल्यासमोर असा बाका प्रसंग नसतो. मुलगी म्हणते, 'मला हे कॉलेज नको वाटतंय.' वडील म्हणतात, 'सगळ्यांनाच सुरुवातीला तसं वाटतं.' संवाद संपला. त्याऐवजी 'नको वाटतंय म्हणजे कसं?' एवढं विचारून थांबता आलं, तर पुढचं वाक्य तिचं असेल. ते आपल्याला आवडेलच याची खात्री नाही. त्या न आवडण्याची तयारी ठेवून ऐकणं, हाच तो मनाचा उपास.