ओक पिकला की हरणं दिसेनाशी होतात

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम कसा जाईल याचा अंदाज दरवर्षी जाहीर होतो. तो बांधण्यासाठी वन्यजीव खात्याची माणसं उन्हाळा सरता सरता रानात जातात आणि झाडांचे शेंडे बघत फिरतात. ओकला किती धरलंय, बीचला किती, रानद्राक्षं कशी आहेत, याची नोंद करतात. अर्ध्या शतकाच्या या नोंदींतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या वर्षी ओकचं पीक भरघोस येतं, त्या वर्षी धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांच्या वाट्याला हरणं कमी येतात. पीक बुडालं की शिकार साधते.

खाणं असेल तिथे हरीण येणार आणि तिथेच शिकारी टपून बसणार, हा हिशेब धरला तर हे उलटंच वाटतं. पण सुगीच्या वर्षी रानात प्रत्येक दुसऱ्या झाडाखाली खाणं पडलेलं असतं. हरणाला झुडपातून उठून चार पावलांवर पोट भरता येतं. मग उघड्यावरच्या शेतात कशाला यायचं? सोयाबीनच्या कडेला महिनाभर रोज संध्याकाळी दिसणारा कळप ऑक्टोबरात अचानक नाहीसा होतो आणि शिकारी म्हणू लागतात, हरणं कमी झाली. हरणं तेवढीच असतात. त्यांचं चालणं कमी झालेलं असतं. दुष्काळी वर्षी मात्र मोजकीच झाडं धरतात, सगळ्यांची गर्दी तिथेच होते, आणि उरलेली हरणं शेतांकडे, जुन्या ओसाड सफरचंदाच्या बागांकडे वळतात.

ही हरणं पांढऱ्या शेपटीची. बिचकली की शेपूट उभारतात आणि तिची पांढरीशुभ्र खालची बाजू दूरवरून चमकते, म्हणून हे नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेबंद शिकारीने ती पाच लाखांच्या आसपास उरली होती. पुढे कडक कायदे झाले. 1937 पासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या जतनाकडे वळवला गेला. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबराची शिकार आज गुन्हा आहे. तिथे मात्र परवाना काढून केलेली शिकार हेच हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं मुख्य साधन आहे, कारण पूर्वेकडच्या बहुतेक रानांतून लांडगा आणि प्यूमा केव्हाच संपवले गेले. हे पटो न पटो, तिथल्या रानाचं शास्त्र समजून घेताना शिकाऱ्याला वगळून चालत नाही.

ओकचं फळ, म्हणजे एकॉर्न, सुपारीएवढं असतं, डोक्यावर खडबडीत टोपी घातलेलं. शरद ऋतूत हरणाला नेमकं हेच हवं असतं. वसंतात आणि उन्हाळ्यात ते कोवळ्या पाल्यावर जगतं. त्यातल्या प्रथिनांवर नरांची शिंगं वाढतात आणि पाडसं मोठी होतात. सप्टेंबरनंतर पाला जून होतो आणि शरीराची मागणीही बदलते. आता हवी असते चरबी. पुढे बर्फाचे महिने आहेत आणि नरांसाठी त्याआधी नोव्हेंबरातला माजाचा काळ आहे. त्या काही आठवड्यांत नर खाणं जवळजवळ विसरतो, माद्यांमागे धावत राहतो आणि आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, गमावून बसतो. ही उधारी फेडायची तर ऑक्टोबरातच साठा करावा लागतो. पिष्ट आणि तेलाने भरलेलं एकॉर्न त्यासाठी उत्तम. शिवाय ते शोधायचे कष्ट नाहीत, आपसूक खाली पडतं.

एकच अडचण असते, ती टॅनिनची. कच्च्या टेंभुर्णीने तोंड आवळलं जातं ते या टॅनिनमुळेच. (टेंभुर्णीच्याच प्रजातीतलं पर्सिमन नावाचं झाड तिथल्या रानात आहे. त्याची फळं पिकून मऊ झाली की हरणं त्यांच्यावरही तुटून पडतात.) टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटतं आणि ती पचू देत नाही. झाडाने हे विष म्हणूनच बनवलेलं. गाईने एकॉर्न मोजून-मापून खाल्ली तर ठीक, पण भरपूर खाल्ली तर तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हरणाने मात्र यावर तोड काढली आहे आणि ती त्याच्या लाळेत आहे. या लाळेतली काही प्रथिनं टॅनिनला तोंडातच पकडून बांधून टाकतात, त्यामुळे अन्नातली मोलाची प्रथिनं पोटात सुखरूप पोचतात. मुख्यतः गवतावर जगणाऱ्या गाई-मेंढ्यांना असलं हत्यार कधी लागलंच नाही.

तरीही निवड करायची वेळ आली तर हरीण कमी तुरट फळाकडेच वळतं. पूर्वेकडच्या ओकचे ढोबळ दोन गट पडतात. पांढऱ्या ओकच्या पानांच्या पाळ्या गोलसर असतात, तांबड्याच्या टोकदार, टोकाला बारीक केस असलेल्या. पांढऱ्या ओकचं फळ एकाच मोसमात पिकतं आणि त्यात टॅनिन कमी असतं. तांबड्याच्या फळाला दोन मोसम लागतात, त्यात टॅनिन जास्त आणि तेलही जास्त. खरा फरक मात्र जमिनीवर पडल्यावर कळतो. पांढऱ्याचं बी पडल्यावर थोड्याच दिवसांत मूळ सोडतं, तांबड्याचं वसंतापर्यंत निजून राहतं. राखाडी खारीला हे पक्कं ठाऊक असतं. पांढऱ्या ओकचं बी पुरण्याआधी ती त्यातला अंकुर दातांनी कुरतडून काढते, म्हणजे साठवणीत मूळ फुटायला नको. तांबड्याचं बी ती तसंच पुरते.

मुरलेला शिकारी या सगळ्याचा उपयोग करतो. ऑगस्टातच दुर्बीण घेऊन तो पांढऱ्या ओकचे शेंडे न्याहाळतो. आधी तिथली फळं संपणार आणि नंतर थंडीत तांबड्याखाली वर्दळ होणार, हे तो धरूनच चालतो. एका रानातही सगळी झाडं सारखी धरत नाहीत. थोडी झाडं बहुतेक पीक देतात आणि बाकीची वर्षानुवर्षं सुस्त राहतात. शास्त्रज्ञांनी हे झाडांखाली पिंप-टोपल्या ठेवून, फळं मोजून दाखवलं. जुन्या शिकाऱ्यांना ‘ते’ झाड आजोबांच्या काळापासून माहीत असतं. खाली दातांनी फोडलेली टरफलं, ताज्या लेंड्या, उकरलेला पाचोळा दिसला की जागा ठरते. मग प्रश्न वाऱ्याचा. डोंगरउतारावर ऊन चढलं की हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. म्हणून सकाळचं मचाण हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळचं खालच्या अंगाला. हरणाच्या नाकाला माणसाचा वास गेला की मचाण कितीही छान असो, उपयोग शून्य. मात्र शिकाऱ्याच्या अंगावरचा भडक केशरी रंग त्याला आपल्याइतका खुपत नाही, कारण त्याचे डोळे तांबडा-केशरी नीट ओळखत नाहीत. तो रंग दुसऱ्या शिकाऱ्यासाठी असतो.

आता मूळ कोडं. ओक एका वर्षी फळांनी लगडतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, हे का? हवामान हे एक कारण. वसंतात फुलोऱ्याच्या वेळी कडाक्याची थंडी पडली, हिम आलं, की पीक जातं. आणि हवामान सगळ्यांना एकच असल्याने मैलोन्‌मैलांची झाडं एकत्र पिकतात वा एकत्र बुडतात. पण या चढउताराचा झाडाला फायदाही होतो. दरवर्षी सारखंच पीक आलं असतं तर खारी, उंदीर, हरणं, अस्वलं आणि फळात अंडी घालणारे सोंडकिडे त्या बेताने वाढले असते आणि सगळं बी फस्त झालं असतं. दुष्काळी वर्षं खाणाऱ्यांची संख्या उतरवतात. मग एखाद्या सुगीला इतकं बी पडतं की ते संपवणं कोणाच्याच आवाक्यात राहत नाही, आणि उरलेलं रुजतं.

पूर्वी हे चढउतार हरणांना इतके जाणवतही नसत. त्या रानांत अमेरिकन चेस्टनट होता, उशिरा, उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारा, म्हणून हिमातून वाचणारा आणि जवळजवळ दरवर्षी भरवशाने पिकणारा. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर परदेशातून आलेली एक बुरशी दिसली. पुढच्या सुमारे पन्नास वर्षांत तिने अब्जावधी चेस्टनट मारले. रानाचा सगळा भार ओकवर पडला तो तेव्हापासून.

ओकच्या सुगीचे पडसाद रानाबाहेरही उमटतात. एकॉर्न खाऊन पुढच्या वर्षी पांढऱ्या पायांचे उंदीर वाढतात. सुगीच्या वर्षी ओकखाली जमलेल्या हरणांच्या अंगावरच्या गोचिड्या तिथेच गळून पडतात आणि त्यांची पिल्लं या उंदरांकडून लाइम रोगाचा जिवाणू उचलतात. न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी ही साखळी 1998 मध्ये मांडली. सुगीनंतर दुसऱ्या वर्षी रोगाची धास्ती वाढते. न्यू जर्सीच्या उपनगरांत राहणाऱ्या आणि परसात चरणाऱ्या हरणांचे फोटो इकडे पाठवणाऱ्या मराठी मंडळींनी तो हिशेब ठेवलेला बरा.

ओकखाली बसण्याला कायदा हरकत घेत नाही. मक्याचे ढीग टाकून हरीण बोलावण्यावर मात्र अनेक राज्यांत बंदी आहे. ती नुसती खिलाडूपणासाठी नाही. 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसलेला, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होणारा, मेंदू पोखरणारा हरणांचा एक असाध्य रोग आता अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पसरला आहे, आणि एका ढिगावर तोंडं एकत्र आली की तो लाळेतून फैलावतो. थंडीत अचानक पोटभर मका खाल्ला तर रवंथ करणाऱ्या हरणाच्या पोटातले जिवाणू ते सोसत नाहीत, आम्ल वाढतं आणि पोट भरलेलं असूनही हरीण मरतं. एकॉर्न हळूहळू पडतात, आठवडेच्या आठवडे, विखरून. जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

एक हिशेब मात्र हरणांच्या बाजूने जुळत नाही. बी तर ती खातातच, पण उगवलेलं ओकचं रोपही शेंड्यापासून खुडतात. जिथे हरणं दाट आहेत तिथे म्हाताऱ्या ओकखाली नवा ओक दिसत नाही. तिथे वाढतात ती नेचे आणि हरणांना न आवडणारी झुडपं. पेनसिल्व्हेनियाने म्हणूनच झाडतोड झालेल्या सरकारी जंगलांभोवती हरणांना ओलांडता येणार नाहीत अशी उंच जाळीची कुंपणं घातली, आणि ज्यांच्या जमिनीवर रान वाढत नाही अशा मालकांना माद्यांच्या शिकारीचे जादा परवाने द्यायला सुरुवात केली. बऱ्याच जुन्या शिकाऱ्यांना हे मानवत नाही. त्यांना मोठ्या शिंगांचा नर हवा असतो आणि मादीवर बाण सोडणं त्यांच्या मनाला जड जातं. कुंपणाच्या आत मात्र दहा वर्षांत डोक्याएवढ्या उंचीचे ओक दिसू लागतात.